बोगोमिर मास्तरांचा स्वल्पविराम

"आकड्याचं माणसासारखंच असतं," बोगोमिर मास्तर सांगत. "तो कोण आहे हे कुणी विचारत नाही, कुठे बसलाय यावर त्याची किंमत! पाच एककाच्या घरात बसला तर पाच, शतकाच्या घरात बसला की पाचशे! आणि मी आयुष्यात एकाही आकड्याला चुकीच्या घरात बसवलेलं नाही. एकदाही नाही!"

स्लोव्हेनियातल्या येल्श्निक गावातल्या प्रत्येक माणसाने हे भाषण निदान दोनशे वेळा ऐकलं होतं. निम्म्यांनी शाळेत, उरलेल्यांनी रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर. मास्तरांची बायको मार्येता हिने तर ते मास्तर झोपेत बडबडतानाही ऐकलं होतं.

एकेचाळीस वर्षं त्यांनी गावाला गणित शिकवलं. आता स्लोव्हेनियातली आकडे लिहायची रीत आपल्या रीतीच्या अगदी उलटी. आपण दीड लिहिताना एक, मग टिंब, मग पाच असं लिहितो. तिथे टिंबाच्या जागी स्वल्पविराम देतात. आणि हजार वेगळे दाखवायला आपण स्वल्पविराम देतो, तिथे ते टिंब देतात. मास्तरांच्या मते देवाने मोझेसला दगडावर कोरून दिली ती हीच रीत. बाकीच्या जगाने नीट उतरवून घेतली नाही, त्याला देव तरी काय करणार!

या स्वल्पविरामापायी गावातले बरेच कान लाल झाले होते. झोफ्काचं प्रकरण तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. सातवीत असताना तिने स्वल्पविराम एक घर उजवीकडे ढकलला आणि उदाहरणातली गाय दिवसाला चौदाऐवजी एकशे चाळीस लिटर दूध देऊ लागली. मास्तरांनी झोफ्काला फळ्यासमोर उभं केलं आणि गाईसारखं हंबरायला लावलं. दोनदा. आज झोफ्का पन्नास वर्षांची होती, गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती, तिच्या हातच्या पोतित्सेसाठी, म्हणजे त्या आक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेल्या गोड पावासाठी, दोन जिल्ह्यांतून माणसं येत. तरी मास्तर समोर आले की तिची मान आपोआप दुसरीकडे वळायची.

तर त्या वर्षी येल्श्निक 'सर्वांत सुंदर गाव' स्पर्धेच्या शेवटच्या सात गावांत आलं! शनिवारी सकाळी अकराला परीक्षकांची समिती येणार होती. घराघरापुढे गुलाब होते, खिडक्याखिडक्यांत जिरेनियम होते. आणि नेमका पंधरा दिवस आधी गुलाबांवर मावा पडला. असा पडला की कळ्या हिरव्या लोकरीचे मोजे घातल्यासारख्या दिसू लागल्या!

"मी बंबातून औषध मारतो," द्रागो म्हणाला. हा गावच्या अग्निशमन मंडळाचा प्रमुख. गेल्या सहा वर्षांत गावात एकही आग लागली नव्हती, त्यामुळे त्याचे हात नुसते शिवशिवत असत.

"मधमाश्यांच्या गावात विष?" मास्तर गरजले. "दर तिसऱ्या घरात पोळी आहेत! मावा खायला निसर्गाने ढालकिडे केलेत. लाल पाठ, काळे ठिपके. इंग्लंडात एक कंपनी ते पाळते. विष न वापरणाऱ्या, स्पर्धेत पोचलेल्या गावांना ती ते फुकट देते. बदल्यात फोटो पाठवायचे. अर्ज मी करतो. गणिताचं काम आहे, तुम्ही कुणी हात लावू नका!"

कुणी लावला नाही. हीच चूक झाली.

मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अर्ज घेऊन बसले.

"किती मागवतोयस?" मार्येताने विचारलं.

"पंधराशे. तीनशे झुडपं मी स्वतः मोजलीत. झुडपामागे पाच."

अर्जातल्या रकान्यावर लिहिलं होतं: 'नग, हजारांत'.

"म्हणजे दीड," कांदा चिरता चिरता मार्येता म्हणाली. "दीड लिही आणि मोकळा हो."

मास्तरांनी चश्मा काढला. चश्मा उतरला की व्याख्यान चढणार, हे तिला सदतीस वर्षांच्या संसारातून माहीत होतं.

"दीड हे बटाटे घेताना म्हणायचं! इथे एकेका जिवाचा प्रश्न आहे. एक, स्वल्पविराम, पाच, शून्य, शून्य. एक पूर्णांक पाचशे सहस्रांश! ही शेवटची दोन शून्यं बजावून सांगतात की चौदाशे नव्याण्णव चालणार नाहीत आणि पंधराशे एकावा पाठवू नका!"

"शून्यं काय सांगतात ते तुला आणि शून्यांनाच ठाऊक."

मास्तरांनी सुंदर अक्षरात १,५०० लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.

इंग्लंडातल्या त्या कंपनीतल्या बाईला तो आकडा वाचायला क्षणभरही लागला नाही. तुम्ही-आम्ही वाचला असता तसाच तिने तो वाचला. पंधराशे. पंधराशे कशात? हजारांत. पंधराशे हजार! म्हणजे सरळसरळ पंधरा लाख!

गुरुवारी दुपारी दारात गाडी थांबली.

"सही करा मास्तर," गाडीवाला म्हणाला. "मालाचे साठ डाग आहेत."

"साठ? एक असेल."

"एक असता तर एकच सही घेतली असती. ही घ्या यादी."

पांढरी, थंडगार, जाळीदार भोकांची साठ खोकी अंगणात उतरली. वर चिठ्ठी होती: 'आपला उत्साह पाहून आम्ही भारावून गेलो. आमच्याकडचा सगळा साठा पाठवत आहोत. प्रत्येक खोक्यात पंचवीस हजार. थंडीत ठेवा, ऊब लागली की ते जागे होतात. आपलं गाव केवढं प्रचंड असेल!'

मार्येताने चिठ्ठी वाचली. मग खोक्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"गावात माणसं एकशे ऐंशी," ती म्हणाली. "माणशी आठ हजार तीनशे तेहतीस. तान्ही मुलं धरून."

"चूक त्यांची आहे! त्यांना स्वल्पविराम वाचता येत नाही!"

"मग त्यांना वाचता येईल असं टिंब द्यायचंस."

"मी? मी चुकीचं लिहू? ते चुकीचं वाचतात म्हणून?"

"बरोबर लिहून हे आलंय," मार्येताने खोक्याला पायाने हळूच ढोसलं. आत काहीतरी खसखसलं. दोघंही एक पाऊल मागे सरले.

मास्तरांना त्या क्षणी किड्यांची भीती वाटली नाही. भीती वाटली झोफ्काची. एकेचाळीस वर्षं ज्या गावाचे कान आपण पिरगळले, त्या गावाला हे कळलं तर? त्यांनी चाकू आणला आणि प्रत्येक खोक्यावरचं लेबल खरवडून काढलं. साठच्या साठ! चिठ्ठी चुलीत टाकली. मग हातगाडीवर खोकी रचून तीन खेपांत बंबखान्यात नेली. गावात एवढं सामान मावेल अशी एकच थंड जागा होती: बंबखान्यातली बिअरची कोठी.

"काय आहे यात?" द्रागोने विचारलं.

"बागेसाठी... औषध."

"साठ खोकी? आणि थंडीत ठेवायचं?"

"प्रतिबंधक आहे!" मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की द्रागोने नकळत पाय जुळवले.

"पण मास्तर, शनिवारची बिअर आहे आत. बाहेर काढली तर पाहुण्यांना काय, काढा पाजू?"

"उद्या संध्याकाळपर्यंत हलवतो. शब्द देतो."

एक खोकं त्यांनी लगोलग गुलाबांसाठी काढलं. त्यातले बरोब्बर पंधराशे मोजून घ्यायचे, असा त्यांचा विचार होता. चमचा घेऊन ते अंगणात बसले. दोनशे बारापर्यंत मोजणी शिस्तीत झाली. दोनशे तेरावा बाहीत शिरला, त्याच्या मागोमाग आणखी पुष्कळ शिरले आणि मास्तर अंगणात असे नाचू लागले की शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. शेवटी त्यांनी अख्खं खोकं गुलाबांवर उपडं केलं. एक मात्र कबूल करायला हवं, शुक्रवारी दुपारपर्यंत गावातला मावा चाटूनपुसून साफ झाला होता!

उरली एकोणसाठ खोकी.

शुक्रवारी सकाळी मास्तरांना कुणीतरी श्टेफित्साबाईंचा नंबर दिला. बाई नदीपलीकडच्या, क्रोएशियातल्या. गुलाबांची मोठी हरितगृहं होती त्यांची.

"ढालकिडे?" फोनवर बाई आनंदाने ओरडल्या. "द्या की! सगळे द्या! माव्याने जीव नकोसा केलाय. दुपारी ड्रायव्हर पाठवते."

मास्तरांना वाटलं, देव आहे. आता उगाच गोंधळ नको म्हणून त्यांनी आपल्या घरचा पत्ता वर्गात शुद्धलेखन सांगावं तसा, एकेक शब्द सुटा करून सांगितला. ड्रायव्हरला आधी घरी बोलवायचं आणि मग स्वतः गुपचूप बंबखान्यात न्यायचं, असा त्यांचा बेत होता.

"गाव येल्श्निक. आमच्याकडे रस्त्यांना नावं नाहीत, घरांना नुसते नंबर आहेत. घेतलंत लिहून? आता नंबर. पाच... लिहिलंत? ...नि... वीस."

"लिहिलं हो मास्तर. किती स्पष्ट बोलता तुम्ही!"

खोकी पांढरी आहेत, थंड ठेवायची, वाटेत उघडायची नाहीत, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं. सगळं बरोबर होतं. एवढंच की, पंचवीस म्हणताना येल्श्निकला आपल्यासारखाच आधी पाच येतो आणि मग वीस. नदीपलीकडे आधी वीस येतात आणि मग पाच. बाईंनी पाच ऐकला, पाच लिहिला. वीस ऐकले, शेजारी दोन लिहिला. झाले बावन्न!

बावन्न नंबरचं घर झोफ्काचं.

शनिवारच्या सोहळ्यासाठी गावातल्या बायकांनी केलेल्या चाळीस पोतित्सा त्या दुपारी झोफ्काच्या ओसरीवर ठेवलेल्या होत्या. पांढऱ्या खोक्यांत. पुढचं संभाषण मास्तरांना फार उशिरा कळलं.

"खोकी न्यायला आलोय," ड्रायव्हर म्हणाला. "मास्तरांनी सांगितलंय."

"मास्तरांनी?" झोफ्काला नवल वाटलं. म्हाताऱ्याला एकदाची बायकांच्या कष्टांची जाणीव झाली म्हणायची! द्रागोने बंबखान्यात सामान न्यायला गाडी ठरवली असणार, असं समजून तिने स्वतः खोकी उचलून दिली. "जपून हं. गरम नका होऊ देऊ."

"छे हो बाई, गाडी थंडीची आहे. वाटेत झाकण उघडायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. उघडलं की सगळं उडून जाईल म्हणे."

"उडणारच!" झोफ्काची छाती फुगली. "गेल्या वर्षी दहा मिनिटांत उडालं होतं सगळं! खाली चुरासुद्धा उरला नाही!"

ड्रायव्हरने तिच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि गाडी काढली.

इकडे पंचवीस नंबरच्या दारात मास्तर पाच वाजेपर्यंत खुर्ची टाकून बसले होते. शेवटी त्यांनी फोन केला.

"बाई, तुमची गाडी आली नाही."

"आली की! माल भरून परतसुद्धा निघाली."

म्हणजे ड्रायव्हर परस्पर बंबखान्यात गेला आणि द्रागोने खोकी देऊन टाकली! मास्तरांनी खुर्चीतल्या खुर्चीत डोळे मिटले. त्यांनी द्रागोला फोन लावला. "गेलं हं माझं औषध. आभारी आहे!"

त्याआधी दहा मिनिटं द्रागोला झोफ्काचा फोन येऊन गेला होता: "पोतित्सा पोचल्या का?"

द्रागो काही मूर्ख नव्हता. त्याने कोठीचं दार उघडलं. आत पांढरी खोकी. मास्तरांचं औषध तर गेलं, मास्तर स्वतः सांगतायत. झोफ्काच्या पोतित्सा आल्या, झोफ्का स्वतः विचारतेय. म्हणजे ही खोकी कसली? पोतित्सांची! त्याने मोजली, एकोणसाठ भरली. ठरल्या होत्या चाळीस. बायकांनी जास्त केल्या असतील! वर हवेसाठी किती बारीक भोकंसुद्धा पाडली आहेत... द्रागोला आपल्या गावातल्या बायकांचा फार अभिमान वाटला. त्याने बाहेर काढलेली बिअर विहिरीच्या पाण्यात बुडवली आणि कोठीतल्या खोक्यांना हात लावला नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता त्याने स्वतःच्या हाताने एकोणसाठ खोकी गावाच्या मध्यावरच्या जुन्या लिंडनच्या झाडासमोरच्या लांब टेबलांवर मांडली. कोवळ्या, छान उबदार उन्हात.

अकराला समिती आली. प्रमुख होत्या ल्युब्लियानाच्या एक डॉक्टरीणबाई. पांढरा शुभ्र पोशाख, हातात पाटी, पाटीवर कागद, चेहऱ्यावर जन्मापासून कुणालाही दहापैकी सातांच्या वर गुण न दिल्याचा भाव. पण गुलाब पाहून त्याही थबकल्या.

"एक मावा नाही," त्या म्हणाल्या. "विष मारलंत?"

"एक थेंब नाही!" मास्तर पुढे झाले. काळा कोट, टाय, ताठ मान. "सगळं निसर्ग आणि गणित! किती झुडपांना किती कीटक, याचा नेमका हिशेब. आकडा योग्य घरात बसला, की..."

मार्येताने त्यांच्या कोटाची बाही ओढली. "बोगोमिर. ती खोकी."

"कुठली खोकी?"

"टेबलावरची. त्यांना भोकं आहेत."

मास्तरांनी मान वळवली. झोफ्का गावाचा पारंपरिक पोशाख घालून पहिल्या खोक्यापाशी उभी होती. बँडवाल्याने ट्यूबा तोंडाला लावला होता.

"आमच्या महिला मंडळाकडून," झोफ्का खणखणीत आवाजात म्हणाली, "घरची, ताजी, अजून जिवंत वाटेल अशी पोतित्सा!"

"नकोऽऽऽ!" मास्तर ओरडले.

झाकण उघडलं.

पहिल्या क्षणी काहीच झालं नाही. खोक्यात लाल रंगाचं काहीतरी हललं. मग ते लाल काहीतरी खोक्याच्या काठापर्यंत चढलं, सांडलं आणि उडालं! झोफ्काची किंकाळी क्रोएशियापर्यंत गेली असेल. ती मागे सरली ती दुसऱ्या खोक्यावर, दुसरं तिसऱ्यावर. आणि इतर बायकांनी काय करावं? पळावं ना? नाही! प्रत्येकीला आपली पोतित्सा कुठे गेली ते पाहायचं होतं!

"माझ्यातही तेच!"

"अगं बाई, माझ्यातही!"

"माझी माझी, ती कोपऱ्यातली माझी, थांबा, उघडते!"

पाच मिनिटांत एकोणसाठ झाकणं उघडली! हवा लाल झाली. बँडवाल्याने घाबरून ट्यूबात जोराने फुंकर मारली आणि तोफेतून निघावा तसा ढालकिड्यांचा लोट पाद्र्यांच्या अंगावर गेला. द्रागोला सहा वर्षांनी संधी मिळाली. तो बंबाकडे धावला. पाण्याचा फवारा ढालकिड्यांच्या खालून गेला आणि समितीवर पडला. डॉक्टरीणबाई ओल्या पांढऱ्या पोशाखात जागच्या जागी उभ्या होत्या आणि त्यांच्या अंगावर एकेक लाल ठिपका येऊन बसत होता.

"किती आहेत हे?" त्या दातांतून म्हणाल्या. दात उघडायची सोय नव्हती.

मास्तरांनी गप्प राहायला हवं होतं. पण एकेचाळीस वर्षांची सवय! 'किती' हा शब्द ऐकला की त्यांच्या तोंडून उत्तर निघायचंच.

"चौदा लाख पंचाहत्तर हजार!"

बंबाचं पाणी तेवढं ठिबकत होतं. सगळं गाव मास्तरांकडे वळलं.

"तुम्हाला बरा आकडा ठाऊक," झोफ्का म्हणाली. तिच्या केसांत, कानांत, नाकाच्या शेंड्यावर ढालकिडे होते. "मास्तर. काय झालंय?"

"इंग्लंडातली लोकं..." मास्तरांनी सुरुवात केली. मग मार्येताकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे वाक्य पुरं झालं तर रात्रीचं जेवण नाही. मास्तरांनी ते वाक्य सोडून दिलं.

"स्वल्पविराम," ते म्हणाले.

"काय?"

"स्वल्पविराम चुकला. माझा. मागायचे होते पंधराशे."

"इकडे सरकला की तिकडे?"

"जागेवरच होता गं. पण वाचणाऱ्याच्या देशात त्या खुणेचा अर्थ दुसरा होता. मी ते विचारात घेतलं नाही. मार्येता सांगत होती, तिचंही ऐकलं नाही. वर लेबलं काढली, तुला कळू नये म्हणून."

झोफ्का मास्तरांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "सातवीतल्या माझ्या पुस्तकात तो स्वल्पविराम पुसट छापला होता, मास्तर. दिसतच नव्हता. मी पुस्तक दाखवायला पुढे आले होते. तुम्ही बघितलं नाहीत."

"मला... आठवत नाही."

"मला आठवतं." तिने नाकावरचा किडा झटकला. "आता हंबरा."

"झोफ्का, परीक्षक आहेत इथे!"

"माझ्या वेळी अख्खा वर्ग होता."

मास्तरांनी टाय सैल केला. सत्तरीला टेकलेला माणूस, काळ्या कोटात, टकलावर तीन ढालकिडे. त्यांनी डोळे मिटले आणि हंबरले. छोटंसं, खोकल्यासारखं.

"मागे ऐकू आलं नाही!" बंबावरून द्रागो ओरडला. त्याचेही कान कधीकाळी लाल झालेले होतेच.

मास्तर पुन्हा हंबरले. या वेळी असे काही हंबरले, की टेकडीवरच्या गोठ्यातून खरोखरीच्या गाईने उत्तर दिलं! झोफ्काला हसू आवरेना. हसता हसता ती बाकावर बसली आणि मग रडायलाच लागली. मास्तर तिच्याशेजारी जाऊन बसले. "पुस्तक बघायला हवं होतं मी," ते हळूच म्हणाले. तिने मान हलवली. एवढंच.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. श्टेफित्साबाई!

"मास्तर, काल हरितगृहात खोकी उघडली! माझ्या माणसांनी किडे झाडांवर सोडायच्या आधी वास घेतला, आणि... आता काय सांगू? चाळीसही फस्त! अहो, यांत मनुकासुद्धा घालता का तुम्ही?"

मास्तरांनी फोन झोफ्काच्या हातात दिला. दोघी बायका अर्धा तास बोलल्या. पुढच्या आठवड्यात बाई स्वतः गाडीभर गुलाबाची रोपं घेऊन आल्या आणि पोतित्सेची कृती लिहून घेऊन गेल्या. मैद्याची, साखरेची, आक्रोडाची मापं झोफ्काने सगळी अक्षरांत लिहून दिली. एकही आकडा घातला नाही.

स्पर्धेचा निकाल महिन्याने लागला. सातांत येल्श्निक पाचवं आलं. शेऱ्यात लिहिलं होतं: 'गुलाब अप्रतिम. पाहुणचार अंगावर येणारा.'

मास्तरांना वाटलं, संपलं एकदाचं. पण ढालकिड्यांना थंडी सोसत नाही. ऑक्टोबरचं पहिलं धुकं पडलं तशी ती सगळी मंडळी निवारा शोधायला निघाली. पंचवीस नंबरचं घर दक्षिणेकडे तोंड करून होतं, भिंती जुन्या, फटी भरपूर. खिडक्यांच्या चौकटींत, पडद्यांच्या चुण्यांत, मास्तरांच्या रविवारच्या टोपीत, घड्याळाच्या पोटात ते दाटीवाटीने जाऊन बसले.

एका सकाळी मार्येताने कपाट उघडलं. आतल्या सगळ्या चादरी लाल दिसत होत्या.

"बोगोमिर," ती म्हणाली, "किती असतील रे हे?"

मास्तर आले. चश्मा लावून त्यांनी कपाटात डोकावलं. पहिल्या घडीपासून बोट हलवत त्यांनी मोजायला तोंड उघडलं. मग बोट खाली घेतलं, कपाटाचं दार हळूच लावलं आणि चश्मा काढून खिशात ठेवला.

"खूप आहेत," ते म्हणाले.